भागूबाईची जोडसायकल

माझ्या मामीइतकी भित्री बाई मी जन्मात पाहिलेली नाही. घरात ती पालीला घाबरते, दुकानात स्वतःच्याच कात्रीला घाबरते आणि रस्त्यावर चाकं असलेल्या प्रत्येक वस्तूला घाबरते, त्यात बाबागाडीही आली. मामा तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून 'भागूबाई' म्हणतो. तिचं कपडे दुरुस्त करायचं छोटं दुकान आहे. पँट्स आखूड करायच्या, कोटांची अस्तरं बदलायची, चेन बसवायच्या. हे काम करणारे लोक टाचण्या ओठांत धरतात. मामी धरत नाही, कारण शिंक आली तर? गिऱ्हाइकं हसतात. मला मात्र लहानपणापासून तिचा राग यायचा. धडधाकट बाई, आणि राईचा पर्वत करण्यात सगळी हयात गेली.

मामाचं बरोबर उलटं. तो मालट्रक चालवायचा. उतारावर ब्रेक तापल्याच्या गोष्टी तो जेवताना मिटक्या मारत सांगायचा आणि मामीचा घास तोंडातच राहायचा. मग काचबिंदूने त्याचे डोळे खाल्ले, आधी कडेकडेने, मग सगळेच. त्यानंतर तो मोठ्या रस्त्याकडच्या खिडकीत बसून आवाजावरून गाड्या ओळखायला लागला. "हा रिकामा चाललाय. हा बघ, गिअर उशिरा टाकतोय, गाढव कुठला!" दोन वर्षं असं बसून काढल्यावर एक दिवस तो म्हणाला, "मला चाकांवर बसवा. कसल्याही. नाहीतर या खुर्चीतच माझं लाकूड होईल."

म्हणून मी कुणाची तरी जुनी जोडसायकल मिळवून आणली. दोन सीट्स, पायडलांच्या दोन जोड्या, पण ब्रेक आणि हँडल पुढच्याच्या हातात. मागे मामा बसणार हे उघड होतं. पुढे मी बसून पाहिलं, पण मामाचं आणि माझं पहिल्याच वळणावर वाजलं. उरली मामी, शाळेत असताना कधीतरी सायकल शिकलेली. रस्ता ओलांडताना अजूनही कुणाचा तरी दंड धरणारी बाई थरथरत पुढच्या सीटवर चढली. तिची एकच अट होती: जिथे एकही गाडी येत नाही, तिथेच जायचं.

असे रस्ते तिने शोधून काढले. नवा हमरस्ता झाल्यापासून गावाबाहेरचा जुना रस्ता गाड्यांना बंद होता. फाटकाच्या बाजूच्या फटीतून सायकल तेवढी जायची. आधी घनदाट झाडी, मग मोकळी माळरानं, एक टेकडी चढायची, एक उतरायची, पुन्हा चढायची. डांबर अजून शाबूत होतं. नवीन वाट असली की मामी दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी आधी एकटी पायी चालून यायची. खडी कुठे सुटलीय, पालापाचोळा कुठे ओला असतो, सगळं पाहून यायची आणि मग घरी येऊन आठवडाभर त्याचंच पुराण लावायची. टेकडीच्या माथ्यावरून डावीकडे फुटणारी वाट एका जुन्या दगडाच्या खाणीवर जाते, कुंपणाचे नुसते खांब उरलेत, खाली हिरवं पाणी आहे, हे आम्ही इतक्यांदा ऐकलं की मामाने कान देणंच सोडलं. "भागूबाईला खड्डा दिसला," एवढंच तो म्हणाला.

जोडसायकलीची एक रीत असते. पुढच्याने सगळं बोलायचं आणि मागच्याने फक्त 'हं' म्हणायचं. "बसलात?" "हं." "निघते." "हं." "खड्डा." "हं." 'हं' आल्याशिवाय मामी हलायची नाही. पुढे जे घडलं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, एकमेकांच्या पाठीमागे.

त्या रविवारी टेकडीच्या माथ्यावर ते थांबले आणि तिथे त्यांचं भांडण झालं. मामा म्हणाला, "पुढच्या वेळी मोठ्या रस्त्याने जाऊ. इथे काहीच ऐकू येत नाही गं. मी कुठे आहे तेच मला कळत नाही."

"मी आहे ना पुढे!"

"तू आहेस म्हणूनच म्हणतोय. सावलीला घाबरतेस आणि मला या स्मशानात आणून फिरवतेस."

मामीला ते लागलं. तिने तोंड शिवून घेतलं. मामानेही अबोला धरला. दोघं सायकलीवर चढायला लागले, पण "बसलात?" कोण विचारणार आणि 'हं' कोण म्हणणार? मामीला मागे सायकल डुलल्यासारखी वाटली. बसले असतील, असं तिने धरलं आणि पाय उचलला. मामाने तेव्हा फक्त एक पाय टाकून पाहिला होता आणि कोट काढायला पुन्हा खाली उतरला होता.

पुढे सरळ उतार. सायकल आपोआप पळाली. मागून "अगं ए!" असं काहीतरी तिला वाऱ्यातून ऐकू आलं. पुन्हा भांडण उकरून काढताहेत, असं वाटून तिने आणखीच जोरात पायडल मारलं.

उतार संपून समोरचा चढ लागला. सायकल नेहमीपेक्षा हलकी चालली होती. मामीला वाटलं, आली अक्कल, जोर लावताहेत बिचारे. तिचा राग तिथेच विरघळला. चढाच्या मध्यावर तिने नेहमीसारखी पाण्याची बाटली न बघता मागे धरली. बाटली कुणी घेतली नाही. "घ्या हो आता," ती म्हणाली, "किती तो राग!" हात अवघडला. तिने मान वळवली.

मागची सीट रिकामी होती.

मामी म्हणते, त्या क्षणी तिला आधी वाटलं की मामा कुठेतरी पडला, मेला. मग माथ्यावरचा तो हलका डोल आठवला आणि मामा चढलाच नव्हता हे तिला कळलं. तिने सायकल तिथेच टाकली आणि धावत सुटली. आधी उतार, मग तोच लांबलचक चढ, या वेळी पायी. चपला नको झाल्या म्हणून तिने त्या काढून फेकल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. याच गोष्टीसाठी तिने तो रस्ता निवडला होता. आज एखादी गाडी, एखादा माणूस, निदान एखादा गुराखी दिसावा म्हणून ती देवाला विनवत होती. आयुष्यभर खोटीखोटी घाबरले म्हणून आता खरं घडतंय, असं काहीबाही तिच्या मनात येत होतं.

माथ्यावर कोट पडला होता. मामा नव्हता.

येताना तो तिला रस्त्यात भेटला नव्हता. म्हणजे तो डावीकडे गेला होता. मामा म्हणतो, "मी उतार पकडून तिच्यामागे निघालो. पायाला उतार लागला तो नेमका खाणीचा. मला काय माहीत!"

मामी डावीकडे वळली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "अहो!"

"आलो!" झाडीतून मामाचा आवाज आला. ती रडायलाच लागली. पुन्हा ओरडली, "अहो, कुठे आहात?" "आलो, आलो!" आवाज लांब जात होता. ती जितकी ओरडे तितका तो लांब जाई. वळण घेऊन ती मोकळ्यावर आली, तेव्हा कुठे तिला सगळं दिसलं. समोर खाणीच्या पलीकडच्या बाजूला उभा कडा होता. तिचा आवाज त्याच्यावर आपटून परत येत होता. मामाला ती समोरून हाक मारतेय असं वाटत होतं, आणि तो दोन्ही हात पुढे करून हसत हसत त्या हाकेकडे, कुंपणाच्या खांबांच्या पलीकडे चालला होता.

मामीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. थांबा म्हणावं तर ते 'थांबा' पुढूनच ऐकू जाणार आणि तो आणखी एक पाऊल टाकणार. पाल दिसली तरी चाळ गोळा करणारी बाई, पण त्या क्षणी तिने श्वाससुद्धा आवाज न करता घेतला आणि अनवाणी धावली.

मामाला मागून पावलं ऐकू आली. बायको पुढे आहे, मग मागे हे कोण धावत येतंय? "कोण आहे? कोण आहे रे?" त्याने मला सांगितलं, ट्रकवर रात्री-अपरात्री लुटारू भेटले तेव्हा तो कधी घाबरला नाही. तिथे मात्र घाबरला. त्या पावलांपासून दूर व्हायला तो पुढे सरकला. तेवढ्यात मामीने मागून त्याचा सदरा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि सगळं अंग मागे टाकलं. त्याचं कोपर तिच्या गालावर बसलं. दोघंही आडवे झाले.

"मी आहे," ती म्हणाली. "मी आहे हो."

मग ते दगडांवर उठून बसले. मामाने चाचपडून तिचा चेहरा शोधला, सुजलेला गाल हाताला लागला.

"खाण आहे का इथे?" त्याने विचारलं. "किती लांब होतो मी?"

मामीने त्याच्या पायांकडे पाहिलं. "लांब होतात बरेच," ती म्हणाली. "मीच उगाच घाबरले."

"वाटलंच मला," मामा म्हणाला. "भागूबाई ती भागूबाई!" आणि तो हसला.

ही गोष्ट तो आता येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना रंगवून सांगतो. खाण कुठल्या कुठे, आणि हिने मला गुंडासारखं जमिनीवर लोळवलं! लोक हसतात. मामी मान खाली घालून बटणं लावत राहते. तो खोलीत नसताना एकदा तिने मला खरं सांगितलं. शिवणाच्या मशीनच्या कडेवर तिने आपली करंगळी आडवी ठेवली. "त्यांच्या बुटाचं टोक इथे होतं," ती म्हणाली. "खाली काहीच नव्हतं. त्यांना सांगू नकोस. पुन्हा सायकलीवर बसायचे नाहीत."

गेल्या महिन्यात मामाला डॉक्टरकडे नेताना गाडीत आम्ही दोघंच होतो. मी रागावून म्हटलं, "पुरे झाली आता ती थट्टा. तिला किती वाईट वाटत असेल."

मामाने आधी गाडीत दुसरं कुणी नाही ना, ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "माझ्या पायाने एक दगड खाली गेला होता. मी मोजायला लागलो, पण तो खाली पोचायचं नावच घेईना." त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. "तिला सांगू नकोस. बिचारी आधीच किती घाबरते."