लेनी सप्टेंबर पुढच्या दारातून

पीच डबाबंद करण्याच्या कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटावर ओरडून ओरडून लेनी सप्टेंबरचा आवाज खणखणीत झाला होता. कारखाना बंद पडला, तेव्हा रूस्टफॉन्टेन मळ्याचा मालक गेरिट थेरॉन स्वतः तिच्या दारी आला. पूर्वजांचं, डच वसाहतीच्या काळातलं घर त्याला लोकांना दाखवायचं होतं. लहानपणी दोघं एकाच कालव्यात डुंबलेली.

"तुझ्यासारखं बोलणारं कुणी नाही इथे. घर दाखवशील?"

"दाखवीन. पण नुसते तुझे पूर्वज नाही दाखवणार. भिंती रचणारी आमची माणसं गुलाम म्हणून आणली, ज्या महिन्यात विकली त्याचंच नाव आडनाव म्हणून चिकटवलं, हेही सांगणार."

गेरिटने टोपी काढून डोकं खाजवलं. "आत्या भडकेल माझी."

"भडकू दे. तिकीट काढून ऐकायला ये म्हणावं."

तो हसला आणि कबूल झाला.

पहिल्या दिवशी पाहुण्यांच्या आधी लेनीने आईला आणलं. कातरीनाची उभी हयात याच घराच्या स्वयंपाकघरात गेली, पण येणं-जाणं कायम मागच्या दाराने. आजही ती सवयीने मागे वळली.

"आई, इकडून."

"अगं, चपला मातीने भरल्यात."

"असू देत."

पुढच्या दारात गेरिट उभा होता. थेरॉनांकडची लहानथोर सगळी तिला नुसतं कातरीना म्हणत. आज त्याने दार सताड उघडलं. "या, मावशी."

म्हातारीने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "मावशी? जन्मभर माझ्या हातचे पाव हादडलेस, नातं आज आठवलं होय रे?"

गेरिट कानापर्यंत लाल झाला. ती मात्र आत जाऊन दिवाणखान्यातल्या सर्वांत मोठ्या खुर्चीत बसली आणि कॉफी मागितली. गेरिटने स्वतः करून आणली.

पाहुणे आले. थेरॉन घराण्याची चित्रं दाखवून झाल्यावर लेनीने जाड पांढऱ्या भिंतीवर तळवा टेकला. "ही रचणारा मलबारहून जहाजात कोंबून आणलेला माणूस. माझा पूर्वज."

एका बाईने हळूच विचारलं, "आणि खुर्चीतल्या आजी?"

"त्याच्याच वंशातली, कातरीना सप्टेंबर. माझी आई."

सगळ्या माना वळल्या. कातरीनाने पाठ ताठ केली आणि कप बशीत ठेवला.

दुसरा गट आत आला, तरी ती उठेना.

"दमली असशील, घरी सोडू?" लेनीने विचारलं.

"गप गं. सांग परत सगळं, मी ऐकतेय."