चहाच्या चोथ्याची मेंढरं

"बाई, हे मेंढरू न्हाई. ससा हाय."

चार वर्षांची रूथ पुठ्ठ्यावर चिकटवलेला कापूस उपटत होती. तिचं बघून बाकीच्यांनीही उपटायला सुरुवात केली. शनिवारची दुपार. दुसऱ्या दिवशी उपासनेत आमचा कार्यक्रम, आणि माझा कळप माझ्या डोळ्यांदेखत सोलला जात होता.

मी केजमध्ये एका नर्सरीत शिकवते. चर्चच्या संडे स्कूलमधला सगळ्यात लहान वर्गही माझाच. तीन ते पाच वर्षांची दहा-बारा पोरं. मोठी माणसं उपासनेला बसतात तेवढ्या वेळात मी मागच्या खोलीत बायबलमधली एक गोष्ट सांगते आणि त्याच गोष्टीतली एखादी वस्तू त्यांच्याकडून करून घेते. याला आम्ही क्राफ्ट म्हणतो. ते शोभेसाठी नसतं. या वयाच्या पोराला "गोष्ट सांग" म्हटलं की ते नुसतं तुमच्या तोंडाकडे बघतं. हातात वस्तू दिली की ती नाचवत सगळं सांगून टाकतं.

नव्या पाळकसाहेबांना हे पटत नव्हतं.

"मार्थाबाई, एवढ्याशा लेकरांना दृष्टांत काय कळणार? नुसता डिंकाचा पसारा. ती खोली तरुण संघाला देऊ. लहानगी आईजवळ बसतील."

"बसतील आणि भोकाड पसरतील," मी म्हणाले.

"बरं, रविवारी सगळ्यांसमोर दाखवा लेकरं काय शिकलीत ते. मग ठरवू."

माझा वर्गच पणाला लागला. मी हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत निवडला. मेंढपाळाची शंभर मेंढरं असतात. एक हरवतं. तो नव्व्याण्णव सोडून त्या एकाला शोधत फिरतो आणि सापडल्यावर खांद्यावर घेऊन आनंदाने घरी येतो. क्राफ्टही सोपं: पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्यांचे पाय, वर कापूस. ट्रेनिंगमध्ये तसंच शिकवलं होतं. पण आमच्या रस्त्यांवरून जाणारे कळप काळेभोर. पोरांचं बरोबर होतं.

कापसाला काळा रंग फासून पाहिला. चिखल झाला. वैतागून घरी गेले तर कुंडीत घालायला वाळवून ठेवलेला चहाचा चोथा दिसला. तो डब्यासकट आणला. पुठ्ठ्यावर डिंक, डिंकावर चोथा. काळी, कुरळी, हाताला खरबरीत मेंढरं तयार!

"आता कसं," रूथ म्हणाली. मला डिप्लोमा मिळाला तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

वर्गातला अनमोल आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता. पोरांनी त्याच्या नावाचंही एक मेंढरू केलं.

रविवारी मी तेच मेंढरू वाजवायच्या पेटीमागे लपवलं. अनुभवाची गोष्ट आहे: समोर असलेल्या पोराची वस्तू लपवली की ते रडायला लागतं आणि कार्यक्रम बुडतो. रूथ मेंढपाळ. तिने ऐटीत गोष्ट सांगितली, कपाळावर हात ठेवून इकडेतिकडे पाहिलं आणि पेटीमागे गेली.

"बाई, अनमोलचं मेंढरू हितं न्हाई!"

लोक हसले. मी जाऊन पाहिलं. खरंच नव्हतं.

पाळकसाहेब उठले. "असू दे बाळ. बाकीची आहेत ना?"

"ती हायेत की. त्यांना कशाला हुडकायचं?"

"अगं, पण अनमोल तरी कुठे आलाय आज?"

"त्यो न्हाई म्हनून तर! आल्यावर त्याला काय द्यायचं?"

एवढं बोलून ती बाकाखाली शिरली. मग सगळ्या पोरांनी आपापली मेंढरं जमिनीवर ठेवली आणि तीही शिरली. माणसं आधी पाय वर घेऊन बसली. मग एकेक जण वाकून बघायला लागला. कुणी चपला हलवतंय, कुणी सतरंजी उचलतंय. शेवटी पाळकसाहेब झगा सावरत गुडघ्यांवर बसले आणि गीतपुस्तकांच्या कपाटाखाली हात घातला. सकाळी झाडताना कुणीतरी मेंढरू तिकडे सरकवलं असावं. एक पाय मोडलेलं, जळमटं लागलेलं ते त्यांनी बाहेर काढलं.

"खांद्यावर घ्या," रूथने हुकूम सोडला.

त्यांनी घेतलं. चोथा झग्यावर सांडला. टाळ्या थांबेनात, आणि मी पदराने डोळे पुसत होते.

"आजचं प्रवचन झालंय," पाळकसाहेब म्हणाले. "खोली तुमचीच राहू द्या, बाई." तरुण संघ आता बाहेर लिंबाखाली बसतो आणि माझ्याकडे रागाने बघतो.

नव्या शिक्षिका विचारतात तेव्हा मी एकच सांगते: कार्यक्रमाला जास्तीचं क्राफ्ट नेऊ नका. माझ्याकडे त्या दिवशी एखादं जास्तीचं मेंढरू असतं, तर मी गुपचूप तेच पुढे केलं असतं. कार्यक्रम वेळेत संपला असता, आणि पोरांना गोष्ट किती कळलीय ते पाळकसाहेबांना सोडाच, मलाही कळलं नसतं.