फ्यूजमधली जाड तार

नव्वदच्या दशकात जालन्याजवळच्या एका तलावात ठेकेदाराने सहलीसाठी पत्र्याची बोट आणली. बारा माणसांची, डिझेल इंजिनाची. संध्याकाळच्या फेऱ्यांसाठी तिच्यावर दिवे हवे होते. मी तेव्हा जालन्यात एका पेपरात बातमीदार होतो; मी ठेकेदाराला माझ्या थोरल्या चुलतभावाचं नाव सुचवलं. केदारखेड्यात तो विहिरींवरच्या मोटारी आणि ट्रॅक्टरचं वायरिंग करायचा.

त्याने इंजिनाशेजारी ट्रॅक्टरची बॅटरी ठेवली. तिथून एकच वायर तळाच्या फळ्यांखालून पुढच्या दिव्यांपर्यंत नेली. परतीच्या वायरऐवजी, ट्रॅक्टरला करतात तसा, बोटीचा पत्राच वापरला. मधल्या आडव्या पत्र्याला ड्रिलने भोक पाडलं, वायरवर सायकलची जुनी ट्यूब चढवून ती आरपार काढली. बॅटरीजवळ फ्यूज बसवला. काम नीटनेटकं दिसत होतं.

पहिल्या फेरीला त्याने माझ्या आईला बसवलं. "काकू, पहिला मान तुमचा." आईला पोहता येत नव्हतं. सोबत चालक आणि आणखी आठ-नऊ जण होते.

आम्ही दोघे काठावरच थांबलो. बोट दूर गेल्यावर मी विचारलं, "दादा, सकाळी दिवे जात होते ना?"

"इंजिन चालू केलं की फ्यूज उडून राह्यला व्हता. तीनदा बदलला. मंग जाड तार टाकली. आता बिलकुल उडत न्हाई."

आमच्याकडे विहिरीवर सगळे हेच करतात. व्होल्टेज कमी, फ्यूज सारखा जातो, पाण्याची पाळी चुकते. मोटार जळालीच तर माणूस बांधावर असतो. इथे माणसं वायरच्या वर बसली होती.

"इंजिन चालू केल्यावरच का उडायचा?"

"पेपरवाल्याला लई चौकशा! धक्क्यानं वायर हालती, अन्..." तो मध्येच थांबला. भोकाची कड त्याने कानशीने घासली नव्हती. त्या धारेने ट्यूब कापली की वायर थेट पत्र्याला लागणार होती, आणि पत्रा म्हणजेच परतीची वायर.

तो पाण्याच्या कडेला जाऊन दोन्ही हात हलवत ओरडू लागला. इंजिनाच्या आवाजात तिकडे काही ऐकू जाणार नव्हतं. तलावावर दुसरी बोट नव्हती. दिवे मंद झाले, परत उजळले, पुन्हा मंद झाले. मग सगळे एकदम गेले. अंधारून आलं होतं, बोट दिसेना. इंजिनाचा आवाज मात्र चालू होता. आम्ही दोघे तेवढाच ऐकत उभे राहिलो.

बोट परतली तेव्हा चालकाच्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता. त्याने बॅटरीची तापलेली तार हातानेच ओढून तोडली होती.

आई उतरली. "जळका वास येऊन राह्यला व्हता. म्हटलं, इंजिनाचा असाच येत असंल."

भावाने टॉर्च लावून फळी उचलली. भोकापाशी ट्यूब वितळून पत्र्याला चिकटली होती, आत तांबं उघडं होतं. फळी खालून काळी पडली होती. त्याने ती आईला दाखवली.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळी वायर काढली. नवी वायर तळाऐवजी बाजूच्या पत्र्यावर उंच नेली, वीतभर अंतरावर क्लिपा मारल्या, परतीची वायर वेगळी घातली. नव्या भोकाची कड घासली आणि स्वतःच्या चपलेच्या तळाचं रबर कापून आत बसवलं. फ्यूजला बारीक तार लावली.

आई म्हणाली, "आता तू एकटा जाऊन ये. मी हितं हाय."

तो अनवाणीच बोटीत चढला आणि चालकालाही उतरवून निघाला. त्याची फेरी संपेपर्यंत आई काठावर उभी होती. मी बस म्हटलं तरी बसली नाही.