जागलीचा आजार

गोकुळा नवी नवरी होऊन आली, तेव्हा सासऱ्याचं पहिलं भांडण तिनं भिंतीआडून ऐकलं. मोजणीचा बाबू ओसरीवर बसून सोमाजीला, म्हणजे तिच्या सासऱ्याला, विचारत होता, "घरात खाणारे किती?" सोमाजीनं माणसं सांगितली, मग बैलजोडी सांगितली, मग म्हैसही. बाबू तडकला, "जनावरं कोणी विचारली?" सोमाजी त्याच्यावर तडकला, "तुनं खाणारे इचारले. बैल का उपाशी रायतेत माया घरी?" गोकुळा तोंडात पदर कोंबून हसली. हा गुण घराण्यातला आहे, आणि आता आपल्याच पदरात पडला आहे, हे तिला कुठं ठाऊक होतं!

तिचा नवरा डोमा हुबेहूब बापावर गेलेला. विचारलं तेवढंच सांगेल, सांगितलं तेवढंच करेल. "दुकान उघडं हाये का पाहून या" म्हटलं तर पाहून येईल, साखर आणणार नाही. एरवी माणूस कामाचा. धान भरायला लागलं की ते कापून घरी येईपर्यंत रानडुकरांपायी रात्रीची जागल करावी लागते. बांधीच्या, म्हणजे भाताच्या खाचराच्या, कडेला मचान, खाली शेकोटी, हाती टिनाचा डबा. आवाज नसला तर डुक्कर भीत नाही, म्हणून डोमा रातभर बोलत राहतो. डुकरांना शिव्या, मेलेल्या बापाशी गप्पा, मध्येच वडशाकडच्या मंडळींच्या नाटकातलं एखादं भाषण. राजाचंही तोच म्हणतो, राणीचंही तोच.

पोर लग्नाला आली त्या वर्षी, अशाच जागलीच्या दिवसांत, कार्तिकात शहरातल्या कुठल्याशा कॉलेजातून प्रफुलसर आले. गावाचं मन कसं आहे ते आधी मोजायचं, मग दीर्घ श्वासाचा वर्ग घ्यायचा, मग पुन्हा मोजायचं, असं त्यांचं संशोधन. मोबाईलवर प्रश्न वाचायचे आणि बोटानं टिचकी मारायची.

"झोप लागते का, डोमाभाऊ?"

"नाई."

"रात्री आसपास कोणी आहे असं वाटतं?"

"वाटते ना. असतेच."

"आवाज येतात?"

"रातभर."

"एकटेच बोलता?"

"बोलाच लागते. नाई बोललो त सप्पा सत्यानाश."

सरांचा चेहरा उतरला. हळूच त्यांनी विचारलं, "काय म्हणतात ते आवाज?"

"घुर्र," डोमा म्हणाला.

चुलीपाशी गोकुळानं कपाळावर हात मारला. "अवं, जागलीचं सांगा ना त्याइले!"

"त्याइनं जागल कुठी इचारली?"

"ताई, मध्ये बोलू नका," सर म्हणाले, "त्यांचं उत्तर त्यांनाच देऊ द्या. नाहीतर मोजणी बिघडते."

मग गोकुळाची पाळी आली. घरी आलेल्या पाहुण्यापुढं रडगाणं गायचं नसतं. "मजेत हाये, सर. चाय ठेवू का?" सरांनी 'मजेत'वर टिचकी मारली. खरं म्हणजे जागलीच्या दिवसांत डोळा लागत नाही तो गोकुळाचा. नाल्यात वाघाचे पंजे उमटलेले असतात. बांधीकडून डोमाची आरोळी आली की ती कूस बदलते, नाही आली की उठून बसते.

शेजारचा पत्रू ओसरीवर बसून सगळं ऐकत होता. सकाळी पानठेल्यावर सांगून मोकळा झाला, "डोमाले आवाज येतेत म्हणते. सराइनंच लिवून नेलं." डिंपलची, गोकुळाच्या पोरीची, सोयरीक आरमोरीकडच्या हेमराजशी ठरली होती. माघात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, व्हायचा होता. पोरीच्या बापाचं डोकं फिरलं, ही बातमी बसपेक्षा लवकर आरमोरीला पोचली आणि तिकडून निरोप आला, साक्षगंध सध्या राहू द्या. डिंपल जेवेना. गोकुळा पत्रूला बोलली, सरांना बोलली, मेलेल्या सासऱ्यालाही सोडलं नाही.

श्वासाच्या वर्गाला डोमा एकदाच गेला, तोही जागलीवरून थेट. "डोळे मिटा" म्हटल्याबरोबर घोरायला लागला. सरांनी त्याला कोणाला उठवू दिलं नाही. "किती खोल गेलेत बघा," म्हणाले.

पूस महिन्यात धान चुरून-मळून घरी आलं आणि सर पुन्हा आले. प्रश्न तेच.

"झोप?"

"मस्त लागते."

"आवाज?"

"नाई."

"एकटे बोलता?"

"आता घरी असतो, सर. हे बायको बोलू देते का?"

साऱ्या गावाला अशीच झोप लागायला लागली होती. ज्यांचा जीव खरंच कासावीस होता, ती घरं मिरची तोडायला तेलंगणात गेलेली. सरांनी ती नावं गाळली. गोकुळानं या खेपेला चाय विचारला नाही. "पोरीची सोयरीक मोडून राह्यली सर, तुमच्यापायी!" सरांनी मोबाईलवर बोट वरखाली सरकवलं. तसं उत्तर त्यात नव्हतं.

शाळेच्या पटांगणात सभा झाली. सरांनी डोमाच्या गळ्यात हार घातला. "मोठ्या आजारातून उठलेले आपले डोमाभाऊ!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्याच गर्दीत, न सांगता आलेली, हेमराजची आई इंदुताई उभी होती.

इंदुताई घरी आली. पाणीही न पिता डोमासमोर बसली. "भाऊ, खरं सांगा. आवाज येत होते का?"

गोकुळानं डोळे मिटून घेतले.

"येत होते," डोमा म्हणाला.

"कोणाचे?"

"डुकराइचे."

"आन् एकटे बोलत होते, ते कुठी?"

"जागलीवर."

इंदुताई त्याच्या गळ्यातल्या हाराकडे पाहत राहिली. "मंग सराले काऊन नाई सांगतलं?"

"त्यानं कुठी इचारलं, कोणाचे न् कुठी?"

इंदुताईला हसू आवरेना. "आमचे हेमराजचे बाबा त जागलीवर भजनं म्हणतेत, तेई बेसूर. त्याइलेबी हार घाला लागते मंग!" हसता हसता ती गोकुळाकडं वळली. "आन् तू व बाई? जागलीच्या दिवसाइत तुले लागते का झोप?"

'मजेत' हा शब्द गोकुळाच्या ओठांवर आला होता. तो तिथंच अडला. "नाई लागत व," ती म्हणाली.

"मलेबी नाई लागत," इंदुताई म्हणाली आणि तिनं पाण्याचा गडवा तोंडाला लावला.

माघात साक्षगंध झालं, उन्हाळ्यात डिंपल आरमोरीला गेली.

पुन्हा कार्तिक आला, तसा सरांचा फोनही आला. डोमाभाऊंची तब्येत टिकली का, ते मोजायला यायचं म्हणत होते. "आता नोका येऊ," गोकुळा फोनवर ओरडली, "धान उभं हाये! कापणी होऊ द्या, मंग या. तवापावतर ते बरे होत नाई!"

डोमानं डबा काखेत मारला, बॅटरी घेतली, घोंगडं खांद्यावर टाकलं.

"पोचले की आरोळी द्या," गोकुळा म्हणाली. मग जीभ चावून पुढं म्हणाली, "एकच नोका देऊ. देतच राहा."

"बरं," डोमा म्हणाला. दिवस बुडायच्या आत बांधीवर पोचला, आणि सांगितल्याप्रमाणे आरोळ्या देत राहिला.