निखिलने चिकटवलेले हीटसिंक

गेल्या बुधवारी धरणगावला जाऊन आलो. सोबत एक सीपीयू आणि पिशवीत दोन ग्राफिक्स कार्ड होती, एक चालू आणि एक माझ्या हातून मेलेलं... पल्लवीला विचारूनच हे लिहितोय. नावं बदलली आहेत.

जळगावात माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. पंधरा दिवसांपूर्वी सुनंदा अक्का आणि त्यांची मुलगी पल्लवी एक सीपीयू घेऊन धरणगावहून आल्या. स्क्रीनवर रंगीत रेघा यायच्या, मग सगळं काळं. मशीन अक्कांच्या मुलाचं, निखिलचं. तो लग्नांचे व्हिडिओ एडिट करायचा. आठ महिन्यांपूर्वी अपघातात गेला. आता तेच काम त्याच मशीनवर शिकायचं, असं पल्लवीने ठरवलंय.

उघडून पाहिलं तर हार्ड डिस्क ठीक होती, बिघाड ग्राफिक्स कार्डात होता. कार्डावरच्या आठ मेमरी चिपांवर निखिलने अॅल्युमिनियमचे बोटाच्या पेराएवढे हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारे तुकडे, चिकटवले होते. आपल्याकडचा मे महिना, वर पत्र्याची खोली... कार्ड तापणारच. पोराने डोकं लावून उपाय केला होता. आठही तुकडे एका ओळीत, कुठे डिंक बाहेर आलेला नाही.

अक्कांनी एका तुकड्यावर बोट ठेवलं. "बठ्ठं त्यानीच करेल शे," म्हणाल्या. सगळं त्याच्याच हातचं. डिंक वाळेपर्यंत तुकडे हलू नयेत म्हणून त्याने दिवसभर पंखा लावू दिला नव्हता. भर मे महिन्यात! अक्का त्याच खोलीत घाम पुसत बसून होत्या.

दोन चिपा खराब होत्या. त्या बदलायच्या तर त्यांच्यावरचे हीटसिंक आधी काढावे लागणार, हे मी सांगितलं. अक्कांनी एवढंच विचारलं, "परत लावी देशी ना, भाऊ?"

"जसेच्या तसे लावतो, अक्का."

असे हीटसिंक काढायची एक रीत आहे. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तासभर फ्रीजरमध्ये ठेवायचं, म्हणजे डिंक कडक होऊन तडकतो. मग तुकडा चिमट्यात धरून हळूच पिळायचा. वर ओढायचा नाही. कधीच नाही. पहिला असाच टक् करून सुटला.

दुसरा सुटेना. पुन्हा फ्रीजर, पुन्हा पिळणं... दुकानात तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि मीही चिडलो होतो. एवढ्या वर्षांचा अनुभव, एक चिमूटभर तुकडा काय ऐकत नाही! स्क्रूड्रायव्हर खाली घातला आणि उचकटला.

हीटसिंक निघाला... चिप घेऊन निघाला. आणि चिपेबरोबर बोर्डावरचे तांब्याचे ठिपकेही उपटून आले. चिप बदलता येते. ते ठिपके गेले की कार्ड संपलं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेलो. तिथल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे अगदी तेच मॉडेल सेकंडहँड मिळालं. खरं सांगतो, डोक्यात बेत पक्का होता. निखिलचे आठही तुकडे सोडवून या कार्डावर चिकटवायचे आणि गप्प देऊन टाकायचं. कळणार कोणाला?

दुकानाचं शटर अर्धं ओढून पहिला तुकडा नव्या कार्डावर ठेवला. तो सरकू नये म्हणून पंखा बंद केला. दहा मिनिटांत शर्ट भिजला... आणि अक्का डोळ्यांसमोर आल्या. घाम पुसत बसलेल्या, मुलाचं काम बघत. त्यांना मी दुसऱ्याचंच कार्ड निखिलचं म्हणून देणार होतो. पुढचा तुकडा उचलायला हात गेलाच नाही; ठेवलेलाही काढून घेतला.

म्हणून बुधवारी धरणगाव.

ओट्यावर बसून सगळं सांगितलं. चिप कशी उपटली, घाई माझीच कशी होती, धुळ्याहून काय आणलं, काय लपवणार होतो. पल्लवी उठून आत निघून गेली. अक्कांनी मेलेलं कार्ड आणि सुटलेले दोन तुकडे मांडीवर घेतले आणि कार्डावरचे उरलेले सहा तुकडे एकेक करून चाचपले. मी खाली मान घालून शिव्यांची वाट बघत होतो.

कार्डावर हात ठेवूनच बोलल्या. "पारोळ्याच्या रोडवर ज्यानी त्याले उडावं, तो थांबना नही, भाऊ. आजलगून आमना दारशी कोनी ऊना नही. माले सांगाले कोनीच नही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू ऊना."

त्याला उडवणारा कधी आला नाही, मी आलो होतो. दोघांनाही रडू आवरेना. गल्लीतून कोणीतरी डोकावून गेलं, आम्ही दोघं तसेच बसून होतो...

थोड्या वेळाने पल्लवी बाहेर आली. डोळे लाल होते. म्हणाली, "दादाचं कार्ड असंच राहू द्या, काका. त्यातलं आता काहीच काढू नका. नवीन बसवून द्या." बसवलं. स्क्रीन स्वच्छ आली. निखिलचा एक अर्धवट व्हिडिओ उघडला, कुठल्यातरी लग्नातली हळद. त्याने कापत कापत जिथवर आणला होता, तिथे थांबला. पल्लवीने माउसवर हात ठेवला, पण क्लिक केलं नाही. "आज नको," म्हणाली आणि बंद केला.

निघताना अक्कांनी उठू दिलं नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा वाढला, समोर बसून राहिल्या. मी दोन भाकरी खाल्ल्या.

अक्का, पल्लवी हे वाचून दाखवेल तुम्हाला. निखिलच्या हातचं काम मी मोडलं आणि तुम्ही मला उपाशी जाऊ दिलं नाहीत... हे मला जन्मभर पुरेल.