चोवीस तासांचं जेवण

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि इथे आखातात, फहाहीलच्या फ्लॅटमध्ये दिवसभर मी एकटी उरले. नवऱ्याची शुऐबा भागातल्या कारखान्यात बारा तासांची ड्यूटी. घरी आला की तो जेवायचा आणि झोपायचा. लग्न ठरलं तेव्हा मी अन्न आणि पोषण हा विषय दुसऱ्या वर्षाला अर्धवट सोडला होता. बावीस वर्षांनी तोच अभ्यासक्रम दूरशिक्षणातून पुन्हा घेतला. कारण विचारलं असतं कुणी, तर आवड म्हणून, असं सांगितलं असतं. खरं म्हणजे दिवस संपत नव्हता.

पुस्तकं इथे मिळेनात. जे काही होतं ते लॅपटॉपवर. एका विद्यापीठाची मोफत व्याख्यानं सापडली. शिकवणाऱ्या बाईंचं इंग्रजी भरभर होतं, पण खाली अक्षरं उमटायची, त्यामुळे थांबवून थांबवून लिहून घेता यायचं. त्या सुरुवातीला ‘गुड मॉर्निंग स्टुडंट्स’ म्हणत. आठवड्याभरात मीही ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणायला लागले, मोठ्याने. रेकॉर्डिंग कितीतरी जुनं आहे, हे मला माहीत होतं.

दुसरी गोष्ट सापडली ती अन्नघटकांच्या सरकारी तक्त्याची. कुठल्या पदार्थात किती प्रथिनं, किती लोह, सगळं त्यात. शेवटी प्रत्येक पदार्थाची वेगवेगळ्या भाषांतली नावं होती. पहिल्या दिवशी मी लोहाचे आकडे शोधायला बसले आणि मराठी नावांतच अडकले. माठ, चाकवत, अंबाडी, शेवगा. एकेक नाव मोठ्याने वाचत गेले. त्या दिवशी घरात मराठी बोललं गेलं ते तेवढंच.

मग प्रात्यक्षिक आलं. घराबाहेरच्या एका व्यक्तीला भेटून तिने गेल्या चोवीस तासांत काय खाल्लं ते नोंदवायचं आणि त्यातले घटक काढायचे. सोपं काम. पण समोर बसवून विचारावं, असा माणूस मला आठवेना. लिफ्टमध्ये एक मराठी नर्स भेटायची. तिला एकदा थांबवलं, पण ती ड्यूटीवर निघाली होती आणि मला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. विद्यार्थ्यांचा एक ऑनलाइन गट होता, तिथे विचारलं. उत्तर आलं, शेजाऱ्यांना विचारा.

त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार निखळलं. बिल्डिंगच्या वॉचमनने राई भागातल्या एका वर्कशॉपमधून सुतार पाठवला. पन्नाशीचा, किरकोळ बांध्याचा. मी फोनवर मुलीशी बोलत होते. ती इंग्रजीत उत्तरं देत होती आणि मी मराठीत विचारत होते. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, तुम्ही आपल्यातल्याच की. मालवणजवळच्या गावचा होता. सात जणांबरोबर एका खोलीत राहायचा.

दार बसवून झाल्यावर मी चहा दिला आणि चाचरतच विचारलं, अभ्यासासाठी पाच मिनिटं देता का? त्याने हात धुऊन पुसले आणि परीक्षेला बसावं तसा खुर्चीत ताठ बसला. मी वाट्या, चमचे आणि डाउनलोड केलेलं फोटोंचं पुस्तक मांडलं. भाताचा केवढा ढीग, आमटीची केवढी वाटी, ते फोटोवर बोट ठेवून दाखवायचं.

काल दुपारी सुरमईची आमटी, भात, सोलकढी, असं त्याने सांगितलं. रात्री तांदळाची भाकरी आणि वालीची भाजी. मी भराभर लिहिलं. पण व्याख्यानातल्या बाईंनी सांगितलं होतं, पहिल्या उत्तरावर थांबू नका. उठल्यापासून पुन्हा एकदा विचारा, कुठे होतात, हातात काय होतं. मी पुन्हा विचारलं. खोलीत सोलकढी कोण करतं?

त्याने कप बाजूला ठेवला.

“वैनी, ता जेवाण घरचा. बायकोन केल्यान, माका फोनवर दाखवल्यान.” मग म्हणाला, “मी काल खुबूस खाल्लंय, हयची रोटी. चायबरोबर. दुपारी नि रात्री पण.”

रोज ती काय केलं ते सांगते, ताट दाखवते, आणि तुम्ही काय खाल्लं म्हणून विचारते. तो काहीतरी चांगलं सांगतो. सांगता सांगता आपणही तेच जेवलो, असं त्याला वाटायला लागतं. हे सगळं त्याने जराही न लाजता सांगितलं. मग विचारलं, “आणि तुमी काय जेवलात?”

“वरणभात, भाजी,” मी म्हणाले. मी ओट्याजवळ उभी राहून दोन टोस्ट खाल्ले होते.

वहीत त्याची दोन्ही उत्तरं होती. नोंदीत मी त्याने खरोखर खाल्लेलंच घेतलं. प्रथिनं गरजेच्या निम्म्याहूनही कमी भरली. ते आकडे पाठवून मोकळं होणं मला जमेना. तोच तक्ता घेऊन मी दोन दिवस बसले. चूल एकच, वेळ कमी, आणि बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, मिळेल तेवढंच सामान, एवढ्यात काय होईल ते शोधलं. सकाळी भिजत घातलेले चणे, उकडलेली अंडी, दही, जरजीर या इथल्या तिखटसर भाजीचा पाला लिंबू पिळून. एका पानावर मराठीत लिहिलं आणि फोटो काढून त्याला पाठवला.

महिन्याभराने त्याचा फोन आला. खैरानला समुद्राकाठच्या बंगल्यांचं काम लागलं होतं. चणे रोज भिजतात, म्हणाला, आणि खोलीतले सगळे त्यावर तुटून पडतात. तुमचं पान भिंतीला चिकटवलंय. मी त्याला वाटाण्याचं सांगितलं, मसुराचं सांगितलं. बराच वेळ बोलत राहिले. त्याला कामावर जायचं होतं, हे त्यानेच शेवटी भीत भीत सांगितलं.

निकाल लागला तेव्हा मी पास झाले होते. नवऱ्याने अंगठा पाठवला, मुलीने इंग्रजीत अभिनंदन. सुताराला कळवावं म्हणून फोन केला, तर तो विमानतळावर होता. काँट्रॅक्ट संपलं होतं, कायमचा निघाला होता. आनंदात होता. मागे घोषणा चालू होती, मला त्याचं अर्धंच ऐकू आलं. निकालाचं सांगायचं राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेसेज लिहिला, ‘मी पास झाले.’ एकच टिक आली. इथला नंबर त्याने बंद केला होता, आणि गावचा मी कधी मागितलाच नव्हता.