गाठीवर गाठ

आमच्या ह्यांना वेड लागायला निमित्त लागत नाही. लढाई संपली आणि देहूरोडला ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून परतलेल्या लष्कराच्या जुन्या गाड्यांचे लिलाव सुरू झाले. शहाणी माणसं आटोपशीर जीपगाड्या घेऊन आली. हे जी घेऊन आले ती आमच्या फाटकातून आत शिरेना, एक खांब पाडावा लागला. माणसाच्या छातीइतकं उंच बॉनेट, मागे लोखंडी हौदा, आणि चारही चाकांना इंजिनाची ओढ. "मागची चाकं चिखलात रुतली ना, तर पुढची ओढून काढतात," हे मला समजावत होते. मी म्हटलं, "आणि चारही रुतली तर?" त्यावर ह्यांनी चहा मागितला.

लोणावळ्याला हवा खायला येणाऱ्या मुंबईच्या पाहुण्यांना बैलगाडीच्या वाटांनी लोहगडाच्या, तुंगच्या पायथ्यापर्यंत न्यायचं, असा बेत होता. पण गाडी म्हणजे नुसता सांगाडा होती. ब्रेक लागत नव्हते, स्प्रिंगचे पाटे तुटलेले, रेडिएटर गळका. ती उभी करायला औंढ्याचा गेणू मिस्त्री यायला लागला. खरं तर मला गेणूचीच गोष्ट सांगायची आहे.

गेणूचा बाप खंडाळ्याच्या घाटात माल वाहणारा गाडीवान. पोरवयात गेणू बापाबरोबर घाटात असायचा. तेव्हा मोटारी नव्या होत्या आणि घाट चढताना हटकून उकळायच्या. हा झऱ्याचं पाणी आणून त्यांना पाजायचा. पाणी पाजता पाजता बॉनेटमध्ये डोकवायला लागला, कुणा पारशी शेठच्या ड्रायव्हरने चार गोष्टी शिकवल्या, आणि बैलगाडीवाल्याचा मुलगा मिस्त्री झाला. त्याची एक तऱ्हा होती. तो गाडीशी बोलायचा, आणि तेही मानाने. "अवो, आसं काय करताय? सकाळच्याला तर बऱ्या हुता." मी माझ्या नवऱ्याशीसुद्धा इतक्या अदबीने बोलत नाही.

आईबाप लवकर गेले. धाकटा भाऊ कोंडाजी गेणूनेच वाढवला, त्याच्या हातात मोटारीचं चाकही गेणूनेच दिलं. लढाईत ड्रायव्हर हवे होते, कोंडाजी भरती झाला, ब्रह्मदेशाकडे गेला. नंतर सरकारकडून कळलं ते एकच, की तो बेपत्ता आहे. मेला म्हणत नाहीत, जिवंत आहे म्हणत नाहीत. मरणाचं सुतक फिटतं तरी. बेपत्ता माणसाचं काय फिटणार?

कोंडाजीची बायको अंबूबाई गेणूच्याच घरात होती. कपाळाला कुंकू, हातात बांगड्या, आणि तोंडावर कळा नाही. ती दुपारी गेणूची भाकरी घेऊन आमच्याकडे यायची. औंढ्याला धाकट्याची बायको थोरल्या दिरासमोर उभी राहत नाही, त्याच्याशी बोलत तर नाहीच. ती पदर ओढून माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीवर पाठमोरी बसायची आणि मला सांगायची, "बाई, त्यास्नी म्हनावं, कालवनात मीठ जास्त झालंय." गेणू पाच हातांवर बसलेला. तो म्हणायचा, "सांगा तिला, चालतंय." मी मध्ये तारेच्या खांबासारखी.

पहिले दिवस गेणू खुशीत होता. तुटलेले पाटे काढून त्याने जाड पाटे बसवले, एकेक जादा घातला, गाडी वीतभर उंच झाली. इंजिनाच्या पोटाखाली दगड लागू नये म्हणून जाड पत्रा ठोकला. ओढ्यात पाणी शिरू नये म्हणून धुराचं नळकांडं वळवून छपरापर्यंत नेलं. पुढे ओढायची साखळी आणि आकडा, मागे पाहुण्यांसाठी बाकं. बाकं बसवायला तो हौद्यात चढला आणि तिथेच काहीतरी झालं.

हौद्याच्या तळाला दोन्ही कडांनी लोखंडी कड्या होत्या. त्या कड्यांना दोराचे तुकडे होते, मधून कापलेले, काळे पडलेले. गाठी मात्र कड्यांवर तशाच. गेणू ओणवा होऊन बघत राहिला. खाली उतरला तेव्हा त्याने त्या दिवशीचं काम बंद केलं आणि न जेवता गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो हौद्यात कुणाला चढू देईना. बाकं बाहेरच पडून राहिली. आणि मला एक गोष्ट ऐकू आली. गेणू गाडीशी बोलत होता, पण "अवो" नाही. "अरे," तो म्हणत होता, हळू, कुणी आजारी माणसाशी बोलावं तसं. "अरे, दमलास का? कुटं कुटं नेलं तुला?" मी खिडकीतून बघितलं. तो हौद्याला हात टेकून उभा होता आणि हौद्यात कुणीही नव्हतं.

मग घरात सगळ्यांनाच काहीबाही जाणवायला लागलं. आमची कामवाली शालूबाई गाडीच्या बाजूचं अंगण झाडेना. संध्याकाळी पत्रा निवताना कटकट वाजायचा, तेव्हा मागे कुणीतरी बूड हलवून बसतंय असं मला वाटायचं. मी स्वतःला शिव्या द्यायची, शिकलीसवरलेली म्हणून. पण दिवा घेऊन तिकडे जायची नाही.

गाडी सुरू झाली तर आणखी एक खोड दिसली. ती डावीकडे ओढायची. चाक सरळ धरलं तरी हळूहळू डावीकडे. हे म्हणाले, "पुढचा अ‍ॅक्सल वाकलाय, गेणू, सरळ करून घे." गेणूने बाकीचं सगळं केलं, तेवढं केलं नाही. शेवटी मीच विचारलं, "गेणूभाऊ, काय झालंय तुम्हाला?"

त्याने मला हौद्यात चढवून गाठी दाखवल्या. "वहिनी, आमी गाडीवान मान्सं. मावळात समदे दोर उजव्या अंगानं फिरवत्यात. ह्यो बगा, डाव्या अंगानं फिरवलाय. आमचा कोंडाजी डावखुरा. त्यो आसाच बांधायचा, बा त्याला मारायचा त्यापायी. ह्यो त्याचा हात हाय. ही गाडी त्यानं चालवलीय." त्याचे डोळे चमकत होते. "आन ही डाव्या अंगाला वडती, ती काय उगं? मी नीट कशी करू?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला भाऊ सापडला होता.

त्याच आठवड्यात अंबूबाईचा भाऊ महिपती भाज्याहून आला. भाज्याला एक चांगला शेतकरी होता, बायको गेलेली, लेकरं नाहीत. अंबूबाईशी पाट लावायला तयार होता. पण नवरा गेला असं घरच्यांनी म्हटल्याशिवाय पाट लागणार कसा? आणि घरचं म्हणजे गेणू. गेणूने महिपतीला अंगणातूनच परत लावलं. "माझा भाऊ जित्ता हाय. माज्यापाशी खूण हाय." काय खूण, ते सांगितलं नाही. भावजयीशी बोलायची सोय नाही, आणि माझ्यामार्फत सांगायलाही तो तयार नव्हता. तिने ती खूण बघू नये असंच त्याला वाटत होतं, हे माझ्या लक्षात आलं, कारण मात्र कळलं नाही.

अंबूबाई त्या दिवशी पायरीवर बसून रडली नाही. म्हणाली, "बाई, मला पाटाची हौस न्हाई. कुंकू पुसाया सांगा, पुसते. वाट बघाया सांगा, बघते. पर ह्ये मधलं बसनं हाय ना, ह्यानं मी कुजून चाललेय. मला कायबी एक सांगा म्हनावं." मी गेणूकडे बघितलं. त्याने भाकरी तशीच फडक्यात गुंडाळली.

गाडीची परीक्षा घ्यायचा दिवस ह्यांनी ठरवला. मळवलीवरून भाज्याला आणि तिथून बैलवाटेने लोहगडाच्या खिंडीकडे. अंबूबाईला भाज्याला भावाकडे जायचं होतं. मी म्हटलं, चला आमच्याबरोबर. पुढे हे आणि गेणू, चाक गेणूच्या हातात. मागे हौद्यात आम्ही दोघी, घोंगडी टाकून. गेणू नको नको म्हणत होता, पण ह्यांच्यापुढे त्याचं चाललं नाही.

भाज्याला पोचलो तर महिपती शेतावर गेलेला. "मग वर चला, येताना उतरा," हे म्हणाले, आणि गाडी चढाला लागली. खरं सांगते, मलाही कौतुक वाटलं. घरांएवढे दगड नव्हते, पण बैल अडतील असे होते. गेणूने पुढच्या चाकांची ओढ लावली आणि ते धूड गुरगुरत चढत गेलं. आम्ही दोघी बटाट्यांसारख्या इकडून तिकडे. एका वळणाला डाव्या हाताला उतार उघडा पडला आणि गाडी डावीकडे सरकायला लागली. हे ओरडले, "गेणू, उजवीकडे घे!" गेणू चाक धरून होता, पण तोंडाने म्हणत होता, "अरे, नगं रं. हितं न्हाई. बाई मानूस हाय मागं." डावं चाक काठावरच्या करवंदीच्या जाळीत गेलं आणि गाडी थांबली. खाली भाज्याची कौलं दिसत होती.

हे उतरले. घामाघूम झाले होते आणि संतापलेही होते. मी उतरले. अंबूबाई उतरली नाही. धक्क्यांनी घोंगडी बाजूला झाली होती आणि ती त्या कड्यांकडे बघत बसली होती. तिने एका गाठीवर बोट ठेवलं.

"बाई, त्यास्नी इचारा, ह्यो दोर कुनाचा?"

गेणू गाडीजवळ आला. बोलला माझ्याकडे बघून. "सांगा तिला. तिच्या दादल्याचा. डाव्या अंगानं फिरवलाय."

तिने सगळ्या कड्या बघितल्या, एकेक, घाई न करता. मग हौद्यात उभी राहिली, डोक्यावरचा पदर मागे पडला होता तो तिने सावरला नाही, आणि औंढ्याच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा ती थोरल्या दिराच्या तोंडाकडे बघून बोलली.

"भाऊ, गाठीवर गाठ कुटं हाय?"

गेणू चाकात अडकलेली करवंदीची फांदी सोडवायला लागला.

"तुमचा भाऊ साधं गवत बांधलं तरी गाठीवर गाठ मारायचा. घाटात मामंजींची गोनी सुटली हुती तवापासून. ह्ये येकेरी बांधलंय. डाव्या अंगानं, आन येकेरी." तिचा आवाज चढला नाही. "एक कडी खांद्यापाशी, एक कमरंपाशी, एक पायापाशी. ह्ये सामान न्हाई बांधलेलं, भाऊ. आपल्यात कुनाला आसं बांधत्यात?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मला ठाऊक नव्हतं. अंबूबाईनेच सांगितलं, माझ्यासाठी. त्यांच्यात मयताचा दोर उलटा, डाव्या अंगाने फिरवतात, आणि गाठीवर गाठ मारत नाहीत. जाणाऱ्याला अडवू नये म्हणून.

"मामंजींना तुमीच बांधलं हुतं," ती गेणूला म्हणाली. "तुमाला ठावं न्हाई व्हय?"

गेणू, एवढा मोठा माणूस, केस पिकलेला, वाटेतल्या धुळीत बसला आणि म्हणाला, "ठावं हुतं. पैल्या दिशीच ठावं झालं." मग त्याला रडू फुटलं. मी बाप्या माणसाला असं रडताना त्याआधी बघितलं नव्हतं. मलाही आवरेना. आमच्या ह्यांनी टोपी काढली आणि कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना.

इतक्या दूर, कुठल्या जंगलात, मावळातल्याच कुणीतरी मावळातल्याच कुणाला तरी ह्या हौद्यात आडवं केलं होतं आणि घरच्या रीतीने बांधलं होतं. परक्याला कुणी असं बांधत नाही.

"पर त्यो आपलाच कशावरनं?" गेणू म्हणाला. "दुसऱ्या कुनाचा आसंल."

"आसंल," अंबूबाई म्हणाली. "त्याच्या बायकूला ह्यो दोर कंदी दिसायचा न्हाई. मला दिसला. कुनी तरी सोडाया नगं का?" ती खाली वाकली आणि गाठी सोडायला लागली. दोर कडक झाला होता, नखं तुटत होती, पण एकेरी गाठी, सुटल्या. आमच्यापैकी कुणी मदतीला पुढे झालं नाही. ते तिचंच काम होतं. सगळे तुकडे तिने ओटीत घेतले आणि बांगड्या तिथल्याच एका दगडावर फोडल्या.

परतताना ती गेणूशेजारी पुढे बसली. गेणूने विचारलं, "आन त्यो आला तर?"

"आला तर सांगा त्यास्नी," ती म्हणाली, "अंबू लय दिस बसली हुती."

कोंडाजीच्या तेराव्यानंतर गेणूने अ‍ॅक्सल काढून सरळ केला. गाडी मग नाकासमोर चालली, पाहुणे हौसेने बसायचे, आणि शालूबाई अंगण झाडायला लागली. माघात भाज्याला अंबूबाईचा पाट लागला. तिच्याकडून दर हंगामाला आमच्याकडे तांदूळ यायचे.

गेणूचं मिस्त्रीकाम वाढलं. लष्कराच्या कितीतरी गाड्या तेव्हा लोणावळ्यात आल्या, आणि नादुरुस्त झाली की प्रत्येक जण ती गेणूकडे आणायचा. मालक बॉनेट उघडून उभा असायचा. गेणू आधी मागे जायचा, हौद्यात चढायचा आणि एकेक कडी हाताने चाचपून बघायचा. लोकांना वाटायचं, मिस्त्री पत्रा तपासतोय. तो गाठीवर मारलेली गाठ शोधत होता, आणि म्हातारा होऊन हात थरथरायला लागले तरी शोधत राहिला.